शेंडा खुडावा की फांदी छाटावी?

संक्रांत उलटली आणि पहाटेचा गारवा ओसरू लागला की मुंबईतल्या गॅलऱ्यांमध्ये, खिडक्यांच्या जाळ्यांमध्ये आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर कात्री हातात घेण्याचे दिवस येतात. भायखळ्याच्या राणीच्या बागेत साधारण याच सुमारास महापालिकेचे झाडाफुलांचे प्रदर्शन भरते. ते पाहून घरी आलेल्या माणसाला आपल्या कुंडीतली, पावसाळ्यापासून नुसतीच उंच गेलेली आणि शेंड्यालाच चार पाने उरलेली जास्वंद खटकू लागते. त्यावर शेजारपाजारचा सल्ला ठरलेला असतो: "जरा कापून घ्या, म्हणजे फुटवे येतील." या 'कापून घ्या'मध्ये दोन अगदी वेगळी कामे एकत्र मिसळलेली आहेत. एक शेंडा खुडण्याचे आणि दुसरे छाटणीचे. दोन्हींनंतर फुटवे येतात, त्यामुळे छाटणी म्हणजे मोठी खुडणी आणि खुडणी म्हणजे छोटी छाटणी असा समज होतो, आणि या समजापायी दर वसंतात कितीतरी झाडे फुलावाचून राहतात.

आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच केलेला आहे. आपण तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो, दुर्वा खुडतो, शेतातली कोवळी भाजी खुडतो. कुंपण मात्र छाटतो, द्राक्षाचा वेल छाटतो. जे नखाने सहज तुटते ते खुडायचे आणि ज्याला धारदार पात्याची गरज लागते ते छाटायचे, हा फरक हाताला कळतो. शेंडा खुडताना वाढत्या कोंबाचे कोवळे टोक, फार तर वरच्या एक-दोन पेरांसह, काढले जाते. छाटणीत लाकूड झालेली फांदी ठरवून निवडलेल्या एका डोळ्यापर्यंत, म्हणजे नवा फुटवा जिथून निघतो त्या निजलेल्या कळीपर्यंत, मागे आणली जाते किंवा बुडापासून पूर्ण काढली जाते.

या दोन्हींनंतर झाडाच्या आत काय घडते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. शेंड्याच्या टोकाशी ऑक्सिन नावाचे वाढद्रव्य तयार होते आणि ते खोडातून खाली वाहत असते; ते वाहते आहे तोवर खालच्या पानांच्या बेचक्यांतले डोळे निजलेले राहतात. केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या शास्त्रज्ञांनी 1930 च्या दशकात एका शेंगवर्गीय झाडाचे शेंडे कापून त्या कापावर ऑक्सिन लावून पाहिले, तेव्हा शेंडा नसतानाही बाजूचे डोळे दबूनच राहिले. शेंडा खुडणे म्हणजे हा दाब तेवढा उचलणे. पाने जागेवर असतात, मुळे जागेवर असतात, साठवलेले अन्न जवळजवळ जसेच्या तसे असते. म्हणून खुडलेल्या जागेखालचे दोन-तीन डोळे लगेच जागे होतात आणि झाड उंच जाण्याऐवजी भरदार होते.

छाटणीतही हा दाब उठतो, परंतु तेवढ्यावर ती थांबत नाही. फांद्यांबरोबर पाने जातात, फांद्यांत साठलेले अन्न जाते आणि उरलेल्या मोजक्या डोळ्यांना पोसायला मुळांचा पसारा मात्र पहिल्याइतकाच राहतो. मुळे तीच आणि वाटेकरी थोडे, अशी स्थिती होते, म्हणून छाटणीनंतरचे फुटवे संख्येने कमी, पण जाड आणि जोमदार असतात. हा जोम झाडाच्या साठ्यातून येतो. ज्याच्याकडे साठाच नाही, म्हणजे नुकतीच कुंडी बदललेले, आजारी किंवा वर्षभर अंधाऱ्या कोपऱ्यात राहिलेले झाड, त्याची कडक छाटणी करणे हे उपाशी माणसाकडून मेहनतीचे काम करून घेण्यासारखे आहे. अशा झाडाचा शेंडा खुडावा, त्याला उजेडात आणावे, खत द्यावे आणि छाटणी पुढच्या वर्षावर ठेवावी.

काळाचा प्रश्न मुंबईपुरता वेगळा सोडवावा लागतो, कारण वसंताच्या बागकामाविषयीचा बराचसा उपलब्ध मजकूर थंड देशांच्या हवामानावर बेतलेला आहे. तिथे हिवाळ्यात झाडे पाने टाकून खरोखर झोपतात आणि दव गोठण्याचे दिवस संपत आले की कळ्या फुटण्याआधी छाटणी होते. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदवलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान 22 जानेवारी 1962 रोजीचे, 7.4 अंश सेल्सिअस इतके आहे. म्हणजे दव गोठण्याची चिंता आपल्याला कधीच नव्हती. आपली बहुतेक कुंडीतली झाडे झोपत नाहीत, केवळ मंदावतात. आपल्याला थंडी कधी संपते हे पाहायचे नसून ऊन कधी तापते हे पाहायचे आहे. मार्चच्या उत्तरार्धात गच्चीची फरशी आणि कठडे तापू लागण्यापूर्वी छाटलेल्या झाडावर नवी पालवी आलेली असली पाहिजे, नाहीतर उघडी पडलेली खोडे उन्हाने भाजतात. म्हणून जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा छाटणीचा काळ मी योग्य मानते. खुडणीला असे बंधन नाही. झाड वाढते आहे आणि त्याला कोवळा शेंडा आहे, एवढे पुरे.

तथापि, हा काळ सर्व झाडांना सारखा लागू नाही, आणि सर्वाधिक नुकसान इथेच होते. छाटणीपूर्वी विचारायचा प्रश्न एकच असतो: या झाडाचे फूल नव्या फुटव्यावर येते की जुन्या पक्व फांदीच्या टोकावर? जास्वंद, मोगरा, बोगनवेल आणि मधुमालती नव्या वाढीवर फुलतात, म्हणून त्यांना आत्ताची छाटणी मानवते. चाफ्याचे तसे नाही. थंडीत पाने गाळून उभा असलेला देवचाफा वाळल्यासारखा दिसतो आणि छाटावासा वाटतो, पण त्याचा फुलोरा त्या बोथट टोकांतूनच निघणार असतो. आमच्याच इमारतीच्या गच्चीवरचा चाफा एका फेब्रुवारीत सगळ्या टोकांवर सारखा करून टाकला गेला. झाडाला पाने भरपूर आली, पण तो उन्हाळा फुलांवाचून गेला. पिंपात लावलेल्या कलमी आंब्यालाही हेच लागू आहे, कारण मोहोर पक्व काडीच्या शेंड्याला येतो. त्याची छाटणी फळे उतरल्यावर करावी. गुलाबाची मुख्य छाटणी आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात होते. आत्ता त्याची फक्त सुकलेली फुले खाली पाच पर्णिकांच्या पानापर्यंत काढावीत आणि कलमाच्या सांध्याखालून आलेले खुंटाचे (ज्या मुळावरच्या झाडावर कलम बांधले त्याचे) फुटवे दिसतील तेव्हा बुडातून काढावेत.

मोगऱ्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण चैत्रात गॅलरीत मोगरा फुललेला असावा ही इच्छा मुंबईच्या बहुतेक मराठी घरांत असते. मोगऱ्याला आधी ताण द्यावा लागतो: जानेवारीत पाणी हळूहळू कमी करावे, पाने मलूल होऊन काही गळू लागली की उरलेली हाताने काढावीत आणि मग साधारण निम्म्या उंचीवर छाटणी करावी. मेलेल्या, आत वळलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढाव्यात. त्यानंतर वरची माती हलकी करून, कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत घालून पाणी पूर्ववत सुरू करावे. कळी प्रत्येक नव्या फुटव्याच्या टोकाला येते, म्हणजे फुटवे जितके, तितके गुच्छ. इथे बरेच जण हौसेने पुढचे पाऊल टाकतात आणि हे नवे फुटवे वितभर झाले की पुन्हा पुन्हा खुडतात. एकदा खुडल्यास फुटवे वाढतात. मात्र मार्च सरत आल्यावर खुडल्यास जी टोके कळी धरणार होती, तीच आपण तोडत असतो.

आता घरातल्या रोपांकडे वळू. थंड देशांत बी घरात पेरतात ते बाहेरच्या गारठ्यामुळे. आपण ट्रेमध्ये बी पेरतो ते कडक ऊन, कबुतरे आणि मुंग्या यांपासून कोवळी रोपे वाचवण्यासाठी. मिरची, वांगी, झेंडू, झिनिया ही रोपे ट्रेमध्ये करावीत. भेंडी, गवार, काकडी आणि दुधी यांची मुळे हलवलेली सोसत नाहीत, म्हणून त्यांचे बी थेट मोठ्या कुंडीत टोकावे. टोमॅटोची रोपे या काळात करण्यासाठी मन ओढ घेते, परंतु रात्रीचे तापमान 24 अंशांवर राहू लागले की त्याची फळधारणा घटते, त्यामुळे मुंबईत टोमॅटोचे बी पावसाळ्याच्या अखेरीस पेरलेले चांगले.

रोपांच्या बाबतीत छाटणीचा प्रश्नच येत नाही, कारण छाटण्यासारखे लाकूडच तिथे नसते. गोंधळ होतो तो खुडणीचा. समोरच्या इमारतीने अडवलेल्या खिडकीत ठेवलेली रोपे आठवडाभरात लांबट, फिकट आणि एका बाजूला झुकलेली दिसू लागतात आणि ती भरदार व्हावीत म्हणून शेंडा खुडला जातो. ही चूक आहे. रोप लांबते ते कमी उजेडाने, आणि खोलीची ऊब ती वाढ आणखी ताणते. लांबलेला भाग मुख्यतः बीदलांच्या, म्हणजे बीमधून निघालेल्या पहिल्या पानांच्या, खालचा असतो. वर खुडल्याने तो आखूड होत नाही, उलट रोपाची उजेड टिपणारी होती नव्हती ती पाने कमी होतात. यावर इलाज म्हणजे कोंब मातीवर दिसताच ट्रे सकाळचे ऊन मिळेल अशा जागी जाळीत ठेवणे, तो रोज फिरवणे आणि कोकोपीट चिंब न ठेवता वरचा थर सुकू देणे. सतत ओल राहिल्यास रोपे बुडाशी पिचून कोलमडतात.

खुडणी करायची ती रोप मोठ्या कुंडीत बसून त्याने एक नवे पान काढल्यावर, खरी पाने चार ते सहा झाल्यावर. झेंडूचा शेंडा लागवडीनंतर महिना-सव्वा महिन्याने खुडतात. फुले काही दिवस उशिरा येतात, पण संख्येने पुष्कळ. तुळस आणि सब्जा यांना खुडणी फार मानवते. वेलवर्गात दुधीचे उदाहरण लक्षात ठेवावे: त्याच्या मुख्य वेलावर नरफुले अधिक आणि बाजूच्या फुटव्यांवर मादीफुले अधिक येतात, म्हणून मांडवावर पोचलेल्या वेलाचा शेंडा खुडला की फळांची शक्यता वाढते. याउलट कोबी, फ्लॉवर, मका आणि एका मोठ्या फुलासाठी लावलेले सूर्यफूल यांचा शेंडा कधीही खुडू नये. त्यांचे सारे पीक त्या एकाच टोकात असते. नारळ-सुपारीसारख्या ताडवर्गीय झाडांचा वाढीचा कोंब तर एकच असतो आणि तो गेला की झाडच मरते.

हत्यारांबाबत फार सांगण्यासारखे नाही. खुडायला स्वच्छ बोटे पुरतात. छाटणीसाठी धारदार सिकेटर, म्हणजे बागकामाची कात्री, घ्यावी, एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाते स्पिरिटने पुसावे आणि बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या थोडेसे वर तिरका काप घ्यावा. जाड कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. जास्वंदीवरच्या, पिठ्या ढेकणाने भरलेल्या फांद्या कुंडीतच न टाकता पिशवीत बांधून टाकाव्यात. आणि सोसायटीच्या आवारातल्या जमिनीत वाढलेल्या वृक्षाला हात लावण्यापूर्वी वॉर्डमधल्या महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी. शहरातल्या वृक्षांना 1975 च्या राज्य कायद्याचे संरक्षण आहे.

ज्या जास्वंदीपासून सुरुवात केली, तिला मात्र दोन्ही कामे हवी आहेत, एकापाठोपाठ एक. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तिची एक तृतीयांश उंची छाटावी आणि आतल्या गर्दीतल्या फांद्या बुडातून काढाव्यात. तीन-चार आठवड्यांत जोमाने येणारे फुटवे थोडेच असतील. ते वितभर झाले की प्रत्येकाचा शेंडा एकदाच खुडावा, म्हणजे एका फांदीच्या दोन-तीन होतील आणि झाड खालपासून भरेल. त्यानंतर कात्री आणि नखे दोन्ही आवरावीत, कारण जास्वंदीची कळी या फुटव्यांच्या वरच्या पानांच्या बेचक्यांत धरते आणि पुढची प्रत्येक खुडणी ते फूल आणखी काही आठवडे पुढे ढकलते.