धीर (धर्मजीवनातील)

विरोध, छळ किंवा उपेक्षा वाट्याला आली, अथवा मनच मरगळले, तरी स्वीकारलेली श्रद्धा आणि तिच्याशी जोडलेले आचरण न सोडणे, याला धर्मजीवनात धीर म्हणतात. मराठीत धीर धरतात, तो खचतो, सुटतो आणि दुसऱ्याला देताही येतो. धर्मांच्या इतिहासात ज्यांचा धीर टिकला, त्यांना तो बहुधा कोणीतरी दिलेला आढळतो. म्हणून धीर हा केवळ एकेका माणसाचा गुण मानणे अपुरे ठरते.

संस्कृतात ‘धीर’ हे विवेकी, स्थिर माणसाचे विशेषण आहे; धरून ठेवण्याची कल्पना ‘धृति’ या शब्दात येते. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ हा ‘खाली’ आणि ‘राहणे’ या दोन पदांचा बनला आहे. ओझे अंगावर असताना त्याखालून निसटायचे नाही, असे चित्र त्यात आहे. अरबीतल्या ‘सब्र’च्या मुळाशी आवरून धरण्याचा अर्थ आहे. बौद्ध परंपरेत ‘खंती’ म्हणजे क्षमाशील सहनशीलता ही पारमितांपैकी, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या सद्गुणांपैकी, एक मानली जाते.

धरून ठेवणे नेहमीच चांगले असते असे मात्र नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतली तामसी धृती म्हणजे झोप, भय, शोक, विषाद आणि मद न सोडणारी वृत्ती. माणूस आपल्या निराशेलाही घट्ट धरून बसू शकतो, हे फार बारकाईने केलेले निरीक्षण आहे. धीर आणि हट्ट यांतला फरक नुसत्या चिकाटीवरून कळत नाही. काय धरले आहे हेही पाहावे लागते.

बाहेरचा विरोध डोळ्यांना दिसतो, त्यामुळे त्याच्या कथा जास्त सांगितल्या जातात. इस्लामी परंपरेनुसार बिलाल हा मक्केतला गुलाम नव्या धर्मावर विश्वास ठेवतो म्हणून त्याच्या मालकाने त्याला तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवला. तो ‘अहद, अहद’ म्हणजे ‘एकच, एकच’ एवढेच म्हणत राहिला. ही गोष्ट अनेकदा इथेच थांबवली जाते. पुढे मुहंमद पैगंबरांचे सहकारी अबू बक्र यांनी त्याला विकत घेऊन मुक्त केले, हा भागही तितकाच मोलाचा आहे. बिलालने धीर धरला होता, पण त्याची सुटका दुसऱ्या श्रद्धावंताने पदरचे पैसे मोजल्यामुळे झाली.

आतला विरोध अधिक चिवट असतो. तुकारामांनी रात्रंदिवस चालणाऱ्या ज्या युद्धाविषयी लिहिले, त्यात जगाच्या जोडीला मनही आहे. जैन परंपरेने तर साधकाने सोसायच्या गोष्टींची मोजदादच केली आहे. मार्गावरून ढळू नये आणि कर्मांची निर्जरा व्हावी, म्हणजे साचलेली कर्मे झडून जावीत, यासाठी सहन करायच्या या गोष्टींना परीषह म्हणतात. ते २२ आहेत. भूक, तहान, थंडी, उष्णता, शिवीगाळ, मारहाण, आजार हे त्यांत असणारच. पण त्यांच्याच रांगेत अरती म्हणजे साधनेत मन न रमणे, अज्ञान, आणि अदर्शन म्हणजे श्रद्धाच डळमळणे, हेही बसवले आहेत. मानसन्मानसुद्धा एक परीषह आहे. शंका येणे हा इथे पराभव ठरत नाही. भुकेप्रमाणे तीही वाटेत भेटणारच, असे गृहीत धरलेले आहे. हा विचार थकलेल्या माणसाला फार मोठा आधार देतो.

चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती अरण्यवासी साधूंनी साधनेत मन न रमण्याच्या याच अवस्थेला ‘अकेदिया’ म्हटले. त्यांच्यातल्या इव्हाग्रिअस (मृत्यू ३९९) याने तिला दुपारचे भूत म्हणून तिचे वर्णन केले आहे. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, साधू पुन्हापुन्हा खिडकीबाहेर पाहतो, आपली खोली आणि आपले जगणेच त्याला नकोसे होते, बंधूंमधले प्रेम आटले आहे असे वाटू लागते. यात शत्रू कोणीच नसतो, तरीही सगळे सोडून जावेसे वाटते. खोली सोडू नये, हा त्यावरचा त्याचा मुख्य सल्ला आहे.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याच्या कथेत बाहेरचा आणि आतला असे दोन्ही विरोध एकत्र येतात. राणी ईजबेलच्या धमकीने तो रानात पळतो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला बोल लावत नाही. तो त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी देतो, मध्ये झोपू देतो. बोलणे त्यानंतर, होरेब डोंगरावर होते. ‘मी एकटाच उरलो’ म्हणणाऱ्या एलीयाला तिथे कळते की बआल या परक्या देवापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक अजून आहेत. एकटेपणाची भावना खरी असली, तरी तिने केलेला हिशेब चुकीचा असू शकतो.

ज्यांचा धीर सुटला त्यांचे काय, हा प्रश्न प्रत्येक छळानंतर उभा राहतो. २५० मध्ये रोमन सम्राट डेशिअसने देवांना बळी अर्पण करण्याची सक्ती केली, तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांनी ती मानली किंवा तसा दाखला पैसे देऊन मिळवला. छळ ओसरल्यावर रोममधल्या नोव्हेशिअन या धर्मगुरूने त्यांना परत घेण्यास विरोध केला. कार्थेजचा बिशप सिप्रिअन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रायश्चित्तानंतर दार उघडे ठेवले. सिप्रिअन स्वतः त्या छळात लपून राहिला होता आणि त्यावरून त्याच्यावर टीकाही झाली होती. २५८ मध्ये पुन्हा छळ झाला तेव्हा त्याने माघार घेतली नाही आणि त्याचा शिरच्छेद झाला.

जपानमध्ये १६१४ नंतर ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. संशयितांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. अनेक कुटुंबांनी पाय ठेवला आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. दोन शतकांहून अधिक काळ धर्मगुरू नसताना ती प्रार्थना, बाप्तिस्म्याचा विधी आणि सणांचे दिनमान पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिले गेले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीत नव्याने बांधलेल्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले. तिथल्या फ्रेंच धर्मगुरूला त्यांनी हळू आवाजात सांगितले की आमचे मन तुमच्यासारखेच आहे, आणि मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. बंदी तेव्हा उठलेली नव्हती. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना पुढे हद्दपार करण्यात आले. १८७३ मध्ये बंदी मागे घेतल्यावर त्यांच्यातले जे जगले ते गावी परतले.