ऐच्छिक स्वओळख (समान संधी भरतीतील)

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याने आपला वंश, लिंग, अपंगत्व, सैनिकी सेवा अशी वैयक्तिक पार्श्वभूमी स्वेच्छेने आणि मूळ अर्जापासून वेगळ्या नमुन्यावर कळवण्याची पद्धत. तिचा सर्वांत तपशीलवार विकास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथे ती ‘सेल्फ-आयडेंटिफिकेशन’ म्हणून ओळखली जाते, तर ब्रिटनमध्ये ‘मॉनिटरिंग’ हा शब्द रूढ आहे. मिळालेली माहिती एकत्र मोजली जाते आणि निवडीच्या कोणत्या टप्प्यावर कोणता गट अधिक प्रमाणात गळतो, हे तीवरून पाहिले जाते. आरक्षणाच्या दाव्याशी हिची गल्लत करू नये. आरक्षणात उमेदवार प्रमाणपत्र देऊन हक्क सांगतो व निवड करणाऱ्याला ते ठाऊक असते. येथे प्रमाणपत्र मागत नाहीत, आणि निवड करणाऱ्याला उत्तर कळू न देणे हाच पद्धतीचा गाभा आहे.

उगम : पद्धतीचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. तिच्या आधीचा काळ नेमका उलट विचाराचा होता. न्यूयॉर्क राज्याने १९४५ मध्ये आयव्ह्ज-क्विन कायद्याने खासगी नोकरीतील वांशिक व धार्मिक भेदभावास मनाई केली. या व अशा इतर राज्य कायद्यांच्या अंमलात अर्जावर वंश वा धर्म विचारणे आणि छायाचित्र मागणे हीच भेदभावाची साधने मानली गेली. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या अनेक संघटनांचाही हे रकाने काढून टाकण्याचा आग्रह होता. परंतु रकाने गेले तसा पुरावाही गेला. एकाला नाकारले एवढे दिसे. त्याच्यासारख्या किती जणांना नाकारले, हे कोणत्याच दप्तरात सापडेना.

मोजणीकडे वळण्याचा प्रवाह राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांतून आला. रूझवेल्ट यांच्या २५ जून १९४१ च्या आदेश क्र. ८८०२ ने संरक्षण उद्योगातील भेदभावास मनाई केली, मात्र आकडे मागवण्याची पक्की व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही. केनेडी यांच्या ६ मार्च १९६१ च्या आदेश क्र. १०९२५ ने सरकारी कंत्राटदारांना अनुपालन अहवाल देणे भाग पाडले. त्यासाठी नेमलेल्या समितीचा ‘फॉर्म ४०’ हा व्यवसायगट आणि वंश यांचे कोष्टक मांडणारा नमुना साधारणतः १९६० च्या दशकाच्या आरंभीचा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण २ जुलै १९६५ पासून लागू झाले. त्याच्या कलम ७०९ ने समान रोजगार संधी आयोगाला नोंदी व अहवाल मागवण्याचा अधिकार दिला. ‘ईईओ-१’ हा मालकांनी द्यायचा वार्षिक अहवाल १९६६ पासून सुरू झाला.

एक मत उगम या कलम ७०९ मध्ये पाहते. पण त्याच कलमाच्या एका पोटकलमात, ज्या राज्यांत स्वतःचा न्याय्य रोजगार कायदा आहे तेथील मालकांना अहवालातून सवलत दिली होती. मोठे औद्योगिक प्रदेश याच राज्यांत असल्याने शब्दशः अर्थ घेतला असता तर अहवाल पोकळ ठरला असता. आयोगाचे आरंभीचे अधिकारी आल्फ्रेड ब्लूमरोझेन यांनी पोटकलमाचा अर्थ आयोगाला अनुकूल असा लावला, आणि इतिहासकार ह्यू डेव्हिस ग्रॅहम यांनी त्या अर्थनिर्णयावर कठोर टीका केली. दुसरे मत कार्यकारी आदेशांना अग्रक्रम देते. ते अधिक ग्राह्य वाटते, कारण कोष्टकाचा आराखडा कायद्याआधीच कंत्राटदारांच्या अहवालांत होता आणि १९६६ चा नमुनाही एकट्या आयोगाने न काढता, आयोग व कंत्राटदारांवर देखरेख करणारे संघीय कार्यालय यांच्या संयुक्त अहवाल समितीने काढला होता.

या दोन्ही मतांतून मोजणीचा उगम कळतो. ‘ऐच्छिक’ या अंगाचा उलगडा होत नाही. आरंभीच्या ईईओ-१ च्या सूचना मालकाला नजरेने पाहून वंश नोंदवण्यास सांगत आणि कामगाराला थेट विचारणे इष्ट मानत नसत. स्वेच्छेची भाषा स्पष्टपणे दिसते ती अपंगत्वाच्या नियमांत. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ खाली १९७७ मध्ये निघालेल्या नियमांनी उमेदवाराला अपंगत्व कळवण्याचे निमंत्रण देण्यास मुभा दिली, पण चार गोष्टी ठळकपणे सांगण्याची अट घातली : माहितीचा उपयोग केवळ त्या हेतूपुरता, उत्तर ऐच्छिक, माहिती गोपनीय, आणि उत्तर न दिल्यास अपाय नाही. आजच्या बहुतेक नमुन्यांत याच चार गोष्टी सांगितलेल्या असतात. वंशाच्या बाबतीत स्वओळखीला ईईओ-१ मध्ये अधिकृत प्राधान्य मिळाले ते २००५ मध्ये ठरलेल्या व २००७ च्या अहवालापासून लागू झालेल्या बदलाने. कर्मचाऱ्याने उत्तर नाकारल्यास नोकरीतील नोंदींवरून वा निरीक्षणाने वर्ग भरण्याची वाट तेव्हाही खुली राहिली.

वर्ग : वंशाचे वर्ग १९७७ च्या संघीय सांख्यिकी निर्देश क्र. १५ वरून आले. १९९७ च्या सुधारणेने एकाहून अधिक वंश निवडण्याची सोय झाली आणि हवाई व पॅसिफिक बेटांवरील मूळ रहिवासी आशियाईंपासून वेगळे मोजले जाऊ लागले. ईईओ-१ मध्ये उत्तर देणारा हिस्पॅनिक वा लॅटिनो आहे का, हा प्रश्न आधी येतो. उत्तर ‘हो’ असेल तर अहवालात त्याची गणना तेथेच होते. उरलेल्यांसाठी दोन वा अधिक वंशांचा वर्ग धरून सहा वर्ग आहेत. मार्च २०२४ च्या सुधारित निर्देशाने दोन प्रश्नांचा एक प्रश्न केला व मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका हा वर्ग वाढवला.

अपंगत्वाचा नमुना, ‘सीसी-३०५’, हा वेगळ्या प्रकारचा आहे. पुनर्वसन कायद्याच्याच, सरकारी कंत्राटदारांना लागू असलेल्या कलम ५०३ च्या २०१३ च्या सुधारित नियमांनी तो आणला आणि २४ मार्च २०१४ पासून तो लागू झाला. त्याचा मजकूर संघीय श्रम खात्याने ठरवलेला असतो. मालकाला त्यात शब्द बदलता येत नाही. उत्तरे तीन : अपंगत्व आहे किंवा पूर्वी होते, नाही व पूर्वीही नव्हते, उत्तर द्यायचे नाही. उदाहरणांच्या यादीत मधुमेह, अपस्मार, कर्करोग, नैराश्य अशा बाहेरून न दिसणाऱ्या स्थितीही आहेत. नोकरी देऊ करण्यापूर्वी एकदा, देऊ केल्यावर पुन्हा, आणि नंतर सर्व कर्मचाऱ्यांना दर पाच वर्षांनी विचारायचे व मध्ये किमान एकदा आठवण द्यायची, असा हा क्रम आहे. त्यासोबतचे उद्दिष्ट कर्मचाऱ्यांत अपंगांचे प्रमाण ७ टक्के असावे, असे होते. एरवी १९९० चा अपंगत्व कायदा नोकरी देऊ करण्यापूर्वी असा प्रश्न विचारू देत नाही. हा नमुना त्या मनाईचा अपवाद आहे.

कार्यपद्धती : कागदी अर्जांच्या काळात नमुना अर्जाला जोडलेला, फाडून वेगळा करण्याजोगा असे व वेगळ्या पेटीत जाई. आता उत्तर भरती प्रणालीत येते, तेव्हा फाडण्याचे काम प्रवेशाधिकारांनी, म्हणजे कोणाला काय दिसावे यावरील मर्यादांनी, करावे लागते. मुलाखत घेणारा व विभागप्रमुख यांच्या पडद्यावर हे रकाने मुळीच उमटू नयेत. रिकामे दिसणेही नको, कारण ‘उत्तर दिले नाही’ हेही एक माहितीच ठरते. अपंगत्वाची उत्तरे कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तिकेबाहेर, स्वतंत्र ठेवतात.

विचारावे कोणाला, हाही प्रश्न आहे. ऑनलाइन अर्जांसाठी कंत्राटदारांवरील २००५ च्या नियमाने (लागू ६ फेब्रुवारी २००६) ‘अर्जदार’ ठरवण्यासाठी चार कसोट्या घातल्या : विशिष्ट पदात रस दाखवणे, मालकाने त्याचा विचार करणे, मूलभूत पात्रता असणे, आणि मधूनच माघार न घेणे.

दोष : सर्वांत घातक दोष गणिताचा आहे आणि तो सहसा लक्षात येत नाही. निवड प्रक्रियेविषयीच्या १९७८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चार-पंचमांश नियम आहे : एखाद्या गटाचे निवडप्रमाण सर्वाधिक प्रमाणाच्या ८० टक्क्यांहून कमी असेल तर विपरीत परिणामाची शंका घ्यावी. समजा, पहिल्या गटातील १२० अर्जदारांपैकी ४८ निवडले, म्हणजे ४० टक्के. दुसऱ्यातील ६० पैकी १५, म्हणजे २५ टक्के. २५ भागिले ४० हे ६२.५ टक्के, म्हणजे धोक्याची खूण. आता दुसऱ्या गटातील २० नाकारलेल्यांनी उत्तर दिलेच नव्हते असे धरा. निवडलेल्यांची माहिती रुजू होताना पूर्ण होते, नाकारलेल्यांची कोरी राहते. अंश १५ च राहतो, छेद ४० होतो, प्रमाण ३७.५ टक्के आणि गुणोत्तर ९३.७५ टक्के. भेद तसाच आहे, कागदावर मात्र तो पुसला गेला. यावर उपाय एकच : अर्जदारांच्या मोजणीत केवळ अर्जाच्या वेळची उत्तरे धरायची, रुजू झाल्यानंतरची मिसळायची नाहीत, आणि अनुत्तरितांचे प्रमाण प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र दाखवायचे.

इतर चुका साध्या, पण वारंवार होणाऱ्या आहेत. ‘उत्तर द्यायचे नाही’ हे ‘नाही’मध्ये धरले जाते. रकान्यावर तारांकन लावल्याने ऐच्छिक प्रश्न सक्तीचा होतो. ‘उत्तर द्यायचे नाही’ हा पर्याय तेथे असला तरी उमेदवाराच्या मनात शंका बसते. एखादे उत्तर आधीच निवडलेले ठेवले तर आकडे निरुपयोगी होतात. लहान विभागाचा अहवाल वर्गवार छापला की एकुलत्या एका व्यक्तीची ओळख उघड होते; म्हणून असे रकाने झाकतात किंवा विभाग एकत्र करतात. अपंगत्वाच्या नमुन्यावर ‘हो’ लिहिले की मुलाखतीत सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा जादा वेळ आपोआप मिळेल, हा समज उमेदवारांत आढळतो. तसे होत नाही, होऊही नये, कारण मुलाखत ठरवणाऱ्याला तो नमुना दिसत नाही. सोय हवी असल्यास ती वेगळी मागावी लागते, आणि हे नमुन्याशेजारीच स्पष्ट लिहिले नाही तर नुकसान उमेदवाराचे होते.

सद्यःस्थिती व अन्य देश : कंत्राटदारांवर वंश व लिंगाधारित सकारात्मक कृतीची जबाबदारी टाकणारा २४ सप्टेंबर १९६५ चा आदेश क्र. ११२४६ हा २१ जानेवारी २०२५ च्या आदेश क्र. १४१७३ ने रद्द झाला. अपंगत्वाविषयीचे कलम ५०३ व माजी सैनिकांविषयीचा १९७४ चा कायदा संसदेने केलेले असल्याने त्या आदेशाने रद्द झाले नाहीत.

कॅनडाच्या रोजगार समता कायद्यात महिला, मूळ रहिवासी, अपंग व दृश्य अल्पसंख्य (वंश वा वर्णाने वेगळे दिसणारे) असे चार गट असून, महिला सोडून उरलेल्या तीन गटांत स्वतःहून ओळख देणारे किंवा तिला संमती देणारेच मोजले जातात. फ्रान्समध्ये वांशिक मूळ नोंदवण्यावर १९७८ च्या कायद्याने कडक बंधने आहेत. उत्तर आयर्लंडने १९८९ च्या न्याय्य रोजगार कायद्याने समाजनिहाय नोंद सक्तीची केली. तेथे प्रश्न श्रद्धेचा नसून उमेदवार प्रोटेस्टंट समाजातला की कॅथलिक समाजातला, की दोहोंतला नाही, एवढाच असतो. उत्तर न मिळाल्यास मालक प्राथमिक शाळेसारख्या अर्जातील इतर तपशिलांवरून समाज ठरवू शकतो. नमुन्यावर नावाऐवजी क्रमांक असतो आणि तो उघडण्याचा अधिकार निवड समितीबाहेरच्या एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असतो.