पेन एफटीचा मीटर आणि हाफ फ्रेमचा बाजार

सांगली-मिरजेत सध्या जुना हाफ फ्रेम, म्हणजे फिल्मच्या एका चौकटीच्या जागेत दोन फोटो घेणारा, कॅमेरा शोधणारे बहुतेक पंचविशीतले असतात आणि विकणारे साठीच्या पुढचे. घासाघीस सहसा ऑलिंपस पेन मालिकेवर येऊन थांबते आणि त्यातही एका प्रश्नावर अडते: उजेड मोजणारा मीटर चालू आहे का? ‘चालू आहे’ म्हटलं की भाव चढतो. तो चढावा का, हे समजायला १९६६ सालच्या एका निर्णयाकडे जावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. ३५ मिलिमीटर फिल्मवरची १८ बाय २४ मिलिमीटरची चौकट सिनेमाची. १९२५ साली आलेल्या लायकाने ती दुप्पट केली आणि फोटोसाठी तेच माप पुढे पूर्ण मानलं गेलं. १९५९ साली ती जुनी अर्धी चौकट वापरणारा पहिला पेन बाजारात आला. सहा हजार येनांत बसणारा कॅमेरा बनवायचा, पण लेन्समध्ये काटकसर करायची नाही, अशी त्याच्या तरुण अभियंत्याची जिद्द होती. छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो मिळत. १९६१ साली आलेल्या पेन ईईमध्ये सेलेनियमचा मीटर होता, तो उजेडावरच चालतो, त्याला सेल (बॅटरी) लागत नाही. उजेड कमी असला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि बटण दबत नाही. आजही ईई घेताना पहिली तपासणी हीच: लेन्स हाताने झाकायची आणि बटण दाबायचं. दबलं, तर मीटर मेलेला समजावा.

लेन्स बदलता येईल असा पेन एफ १९६३ साली आला. त्याच्या डोक्यावर प्रिझमचा उंचवटा नाही, कारण आरसा वर न उचलता बाजूला फिरतो आणि प्रतिमा कडेने वळवून डोळ्यापर्यंत आणली आहे. शटर टायटॅनियमच्या पातळ चकतीचं, गोल फिरणारं. त्यामुळे एक पंचशतांश सेकंदापर्यंत कुठल्याही वेगावर फ्लॅश चालतो. त्या काळच्या पडद्याच्या शटरला हे जमत नव्हतं.

मग १९६६ साली एफटी आला, आणि वाद इथेच आहे. लेन्समधून आलेला उजेड मोजायचा तर मोजणारा भाग कुठेतरी आत बसवायला हवा. कंपनीने व्ह्यूफाइंडरच्या वाटेवरचा एक आरसा अर्धपारदर्शक केला आणि तो भाग त्याच्यामागे ठेवला. म्हणजे डोळ्याकडे जाणाऱ्या उजेडातला वाटा मीटरने घेतला. एफटीतून पाहिलं की चित्र एफपेक्षा मंद दिसतं, संध्याकाळी फोकस जुळवताना ते चांगलंच जाणवतं. शिवाय त्या आरशावरचा चांदीचा पातळ थर वर्षांनुवर्षांत उडत जातो, म्हणून आज हाती येणारे बरेच एफटी नवे असतानापेक्षाही अंधारे असतात.

दुसरी गुंतागुंत आकड्यांची. हा मीटर अ‍ॅपर्चरशी, म्हणजे लेन्समधल्या लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राशी, जोडलेला नाही. व्ह्यूफाइंडरमधली सुई शून्य ते सात यांतला एक आकडा दाखवते, तो वाचायचा आणि लेन्सच्या कड्यावर हाताने लावायचा. त्यासाठी लेन्सवर त्या छिद्राचं माप सांगणाऱ्या नेहमीच्या एफ-आकड्यांऐवजी हेच आकडे समोर आणले. एफ-आकडे कड्याच्या खालच्या बाजूला गेले. कडं पुढे ओढून अर्धा फेरा दिला की ते वर येतात. विकणाऱ्यालाही अनेकदा हे ठाऊक नसतं आणि ‘कड्यावर भलतेच आकडे आहेत’ म्हणून चांगली लेन्स स्वस्तात जाते. घेणाऱ्याने तेव्हा गप्प राहावं की सांगावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एफटीच्या बाजूनेही बोलायला हवं. एफचा फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर दोनदा ओढावा लागतो, एफटीचा एकदाच. सेल्फ टायमरही एफटीत आला. पण १९६७ साली याच कंपनीने एफव्ही काढला: सगळं एफटीचं, फक्त मीटर काढून पूर्ण आरसा बसवलेला, किंमतही कमी. वर्षभरात असं मॉडेल काढावं लागलं, यात बरंच काही आलं.

सेलची अडचण नंतरची. एफटीचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालतो आणि तो सेल आता बनत नाही. त्या मापाचा दीड व्होल्टचा सेल घातला की सुई हलते, विकणारा ‘चालू आहे’ म्हणतो, पण ती उजेड जास्त दाखवते आणि निगेटिव्ह पातळ येतात. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्ट देतो, तो पुष्कळ बरा. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात तो शोधायला फिरावं लागत नाही. खोबणीत सैल बसतो म्हणून भोवती रबराची कडी घालतात. त्यावरचा हवा रोखणारा स्टिकर काढल्यावर मात्र वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो.

आपल्या भागात हे कॅमेरे मुळातच कमी आले. आयातीवर निर्बंध होते, घरोघरी अ‍ॅग्फा क्लिक थ्री आणि स्टुडिओत १२० रोलचा, दोन लेन्सचा ट्विन लेन्स कॅमेरा. हाफ फ्रेम आला तो परदेशातून परतणाऱ्यांच्या बॅगेतून. काळ्या-पांढऱ्याच्या दिवसांत स्टुडिओवाल्याने अंधाऱ्या खोलीत प्रिंट काढून दिली की भागत असे. रंगीत प्रिंटची स्वयंचलित यंत्रं आल्यावर पंचाईत झाली. त्यांची चौकट २४ बाय ३६ची. हाफ फ्रेमचा रोल दिला की दोन फोटो एका प्रिंटवर शेजारी-शेजारी यायचे, आणि वेगवेगळे हवे असतील तर लॅबवाला कुरकुरायचा. बहात्तर प्रिंटचे पैसे भरायचे तर रोलमध्ये वाचवलेलं तिथेच जायचं. कॅमेरे कपाटात गेले ते बहुतेक याच सुमारास.

ते बाहेर काढले डिजिटलने. २००८ नंतर आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आले आणि साध्या अ‍ॅडॅप्टरने पेन एफच्या लेन्स त्यांवर बसू लागल्या. ४२ मिलिमीटर एफ १.२ आणि ६० मिलिमीटर एफ १.५ यांचे भाव तेव्हापासून चढले ते उतरले नाहीत. लेन्स एकीकडे गेली की मागे नुसती बॉडी उरते. बाजारात बॉड्या सुट्या दिसण्याचं एक मोठं कारण हे. २०१६ साली पेन एफ याच नावाचा डिजिटल कॅमेरा आल्याने जाहिरातींत घोळ वाढला. २०२४ साली पेंटॅक्स १७ हा कोरा हाफ फ्रेम कॅमेरा बाजारात आला आणि जुन्यांची विचारणा आणखी वाढली. निगेटिव्ह आता घरीच स्कॅन करता येतात, त्यामुळे लॅबच्या चौकटीची अडचण राहिलेली नाही.

पहिल्यांदा घेणाऱ्याला ३८ मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स पुरते. पूर्ण फ्रेमवरच्या पन्नाशीच्या आसपासच्या लेन्ससारखं दृश्य ती देते. लेन्सवरच्या ‘झुइको’ या ऑलिंपसच्या लेन्सच्या नावाआधीचं अक्षर दर्जाचं नसून आतल्या भिंगांची संख्या सांगतं: एफ म्हणजे सहा, जी म्हणजे सात. अक्षर पाहून जास्त पैसे देऊ नयेत. त्यापेक्षा मोबाइलची टॉर्च मागून लावून बुरशीचे धागे पाहावेत. सांगलीत हे जास्तच जपायला हवं. २००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांत कृष्णाकाठच्या पेठांतली घरं पाण्यात होती. लेन्स पुसून चकचकीत करता येते, पण फोकसचं कडं करकरलं किंवा सेलच्या खोबणीत सुकलेला गाळ दिसला तर सौदा सोडावा.

एफव्ही आपल्याकडे क्वचितच दिसतो. साधा एफ स्वच्छ लेन्ससह मिळत असेल तर मोबाइलमधल्या मीटरच्या अ‍ॅपवर काम भागतं, आणि ‘मीटर चालू’साठी वरचे पैसे मोजावे लागत नाहीत. लिव्हर मात्र दोनदा ओढायचा.