बी.एस्सी. नर्सिंगचा अर्ज: कोल्हापूरच्या मुलामुलींनी कागदं अकरावीपासूनच जमवायला घ्या

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीतली कुणाची ना कुणाची मुलगी फाईल घेऊन दारात येते. "काकू, मला बी.एस्सी. नर्सिंगला जायचंय. फॉर्म कुठं भरायचा?" मी स्वतः नर्स आहे, त्यामुळं हे ऐकून बरं वाटतं, आणि लगेच पोटात गोळाही येतो. कारण प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, अर्ज तोवर बंद झालेला असतो. हा अर्ज राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर बारावीच्या प्रॅक्टिकलच्या सुमारास भरायचा असतो आणि परीक्षा एप्रिल-मेच्या दरम्यान होते. निकालाची वाट बघत बसलं की वर्ष गेलंच.

पात्रता आधी सांगते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि प्रत्येकात पास हवं. पहिल्या तीन विषयांची बेरीज खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५. अनुसूचित जाती-जमातीला ४० टक्के, म्हणजे १२०. या बेरजेत इंग्रजी धरत नाहीत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. लग्न झालेल्या मुलींनाही अर्ज करता येतो. हे मुद्दाम लिहिते, कारण लग्न ठरलं म्हणून फॉर्म न भरलेल्या दोन मुली माझ्या माहितीत आहेत. मुलग्यांनाही हा कोर्स खुला आहे. अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सेमिस्टरचा.

सीईटी संगणकावर असते. १०० प्रश्न, १०० मार्क, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड (नर्सिंगकडचा कल), प्रत्येकी २० प्रश्न. चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि तिथं घरोघरी घोळ होतो. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांतली निम्मी मुलं तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) निकषाप्रमाणं खुल्या प्रवर्गाला ५० आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाला ४० पर्सेंटाइल लागतं. गुणवत्ता यादीही याच पर्सेंटाइलवर लागते. बारावीला ९० टक्के पडले म्हणून तिथं नंबर वर सरकत नाही.

आता कागदपत्रं. मुली मार्कांपेक्षा इथंच जास्त अडकतात.

दहावीचं मार्कलिस्ट, बारावीचं मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, सीईटीचं हॉलतिकीट आणि स्कोअरकार्ड, फिटनेसचं सर्टिफिकेट, मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, हे सगळं आठवड्यात जमतं. वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला सेतूतून किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून काढून ठेवा. राज्याच्या कोट्यासाठी अधिवास महाराष्ट्राचा आणि दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच, हा सर्वसाधारण नियम. निपाणी-बेळगावकडची मराठी मुलं इकडं पाहुण्यांकडं राहून विचारायला येतात. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी राज्याच्या अनेक प्रवेशप्रक्रियांत वेगळी तरतूद असते. तिचा रकाना आणि दाखल्याचा नमुना माहिती पुस्तिकेत बघून मगच अर्ज भरावा.

खरं वेळखाऊ काम जातपडताळणीचं. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातवैधता प्रमाणपत्रही लागतं. त्याचा प्रस्ताव ज्युनिअर कॉलेजच्या सही-शिक्क्यानं, ऑनलाइन भरून, विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात जातो. पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा काढायचा, वंशावळ लिहायची, कुठली चुलती कुठल्या शाळेत होती ते आठवायचं. हे काम मेच्या सुट्टीत होतं, प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. अकरावीला प्रवेश घेतला त्याच वर्षी प्रस्ताव द्या. ज्या शहरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, त्याच शहरातली पोरगी एका कागदापायी खुल्या यादीत ढकलली जाते तेव्हा फार वाईट वाटतं.

नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची, म्हणजे मागासवर्गातलं कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या दाखल्याची, मुदत बघा. चालू वर्षाचा प्रवेश घेताना तो दाखला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा. घरात आहे म्हणून जुनाच जोडला की अर्जात त्रुटी निघते. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांचा, दाखला राज्याच्या नमुन्यातला लागतो, केंद्राचा नमुना वेगळा आहे.

आणि नावं! आपल्याकडची ही खास अडचण. मागच्या वर्षी पन्हाळा तालुक्यातली एक मुलगी वडलांना घेऊन आली होती. दूध संस्थेच्या पिशवीत सगळी कागदं नीट घड्या घालून ठेवलेली. दाखल्यावर वडलांचं नाव 'बाळासो', आधारवर 'बाळासाहेब', रेशनकार्डावर 'बाळू'. माणूस एकच, समोर बसलेला, पण संगणकाला ती तीन माणसं. प्रतिज्ञापत्र करून त्यावेळी निभावलं, पण पडताळणीच्या टेबलावर तिला दोनदा परत पाठवलं. मुलीचं दहावीचं मार्कलिस्ट हा पाया धरा आणि आधार, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आधारची दुरुस्ती अर्जाआधी करा.

सीईटीचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला असं नाही. त्यानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची वेगळी नोंदणी असते. कागदं अपलोड करायची, पसंतिक्रम भरायचा. पसंतिक्रम आपल्याला खरंच कुठं जायचंय त्या ओळीनं भरा, कुठं मिळेल या अंदाजानं नको. जागा मिळाल्यावर रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा, फॉर्म पुढं आला तर वाचून सही करा. तो दिला की पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळत नाही.

याच प्रक्रियेतून जाण्याचं मोठं कारण फी आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, जागेला ती मिळत नाही, अभिमत विद्यापीठांनाही ती लागू नाही. कोल्हापुरात अभिमत विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज आहे, त्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी. तिकडं अर्ज जरूर करा, पण फीचा हिशेब चारही वर्षांचा मांडून. सवलतीसाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. होस्टेल आणि मेस यात येत नाहीत.

सैन्यदलाच्या नर्सिंगचा रस्ता निराळा आहे. पुण्याच्या एएफएमसीसह (सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय) सहा कॉलेजांत मुलींसाठी मिळून २२० जागा, आणि त्यासाठी नीट द्यावी लागते. ज्यांची तयारी आहे त्यांनी नीटचा फॉर्म सोडू नये.

"डायरेक्ट अॅडमिशन करून देतो" म्हणत कर्नाटकातल्या कॉलेजांची पत्रकं घेऊन फिरणारे एजंट जूनमध्ये गावोगाव येतात. तिकडची सगळी कॉलेजं वाईट नाहीत, पण पैसे देण्याआधी त्या कॉलेजला त्या वर्षासाठी परिचर्या परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता आहे का, हे त्यांच्या यादीत स्वतः बघा. एजंटनं मोबाईलवर दाखवलेल्या फोटोवर जाऊ नका. मान्यता नसली तर चार वर्षांनी परिषदेकडं नर्स म्हणून नोंदणीच होत नाही आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून रीतसर काम करता येत नाही.

कॉलेजला हजर व्हायच्या दिवशी मूळ कागदांचा एक संच आणि झेरॉक्सचे तीन संच न्या. मूळ कागदं तिथंच जमा होतात, त्यामुळं शाळा सोडल्याचा दाखला आणि जातवैधता यांचं रंगीत स्कॅन आदल्या दिवशीच करून घ्या. महाडीबीटीचा अर्ज भरताना तेच लागतं, आणि कॉलेजकडून कागद परत मागून आणायला पुन्हा आठवडा जातो.