भट्टीच्या वाटेनं वर : हिल्डे मेरेटे ओसहाइम आणि नॉर्स्क हायड्रो

१८ मार्च २०१९, सोमवार. नॉर्स्क हायड्रो या नॉर्वेतल्या अॅल्युमिनियम कंपनीनं जाहीर केलं की मे महिन्यात कंपनीची सूत्रं हिल्डे मेरेटे ओसहाइम यांच्याकडे जातील. १९०५ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर तोवर एकही बाई बसलेली नव्हती. बातमीची शाई वाळायच्या आत, त्याच रात्री, कंपनीचे संगणक एकामागून एक कुलूपबंद होऊ लागले. 'लॉकरगोगा' नावाच्या खंडणीखोर विषाणूनं हायड्रोचं जाळं पोखरलं होतं. मंगळवारी सकाळी कामावर आलेल्यांना दारावर कागद चिकटवलेले दिसले : कुठलंही यंत्र कंपनीच्या नेटवर्कला जोडू नका.

ओसहाइम यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, मीही केली. पण त्या खुर्चीपर्यंतची वाट समजायची तर बरंच मागं जावं लागतं, आणि आधी अॅल्युमिनियमच्या भट्टीत डोकवावं लागतं.

हायड्रोची सुरुवात अॅल्युमिनियमनं झालीच नाही. सॅम ऐडे हा अभियंता आणि क्रिस्तियान बिर्केलान हा भौतिकशास्त्रज्ञ यांनी विजेच्या ठिणगीतून हवेतला नायट्रोजन पकडून खत बनवायची युक्ती काढली, आणि त्यासाठी लागणाऱ्या विजेसाठी धबधबे ताब्यात घेतले. नोटोडेन आणि र्‍युकान ही गावं त्यातून उभी राहिली. र्‍युकानजवळचं वेमोर्क हे वीजकेंद्र दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या संशोधनाशी जोडलेल्या जड पाण्यासाठी गाजलं, तेही हायड्रोचंच. पुढे कंपनी तेलात उतरली, १९६०च्या दशकात कार्मोय बेटावर अॅल्युमिनियम वितळवू लागली, आणि १९८६ मध्ये ओर्दाल-सुनदाल ही सरकारी अॅल्युमिनियम कंपनी तिच्यात विलीन झाली. २००४ मध्ये खताचा धंदा 'यारा' या नावानं वेगळा झाला, २००७ मध्ये तेल-वायूचा धंदा स्टॅटऑइल या सरकारी तेलकंपनीत गेला. एका हातानं खत गेलं, दुसऱ्या हातानं तेल, आणि उरलं अॅल्युमिनियम. जवळजवळ ३४ टक्के भाग नॉर्वे सरकारच्या मालकीचे, म्हणजे कंपनी शेअरबाजारात असली तरी तिच्यावर देशाचं लक्ष असतंच.

ओसहाइम यांचा जन्म १९५८चा. बर्गनच्या नामांकित व्यापारशिक्षण संस्थेत त्यांनी अर्थशास्त्र-व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं आणि त्या सनदी लेखापालही झाल्या. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सीए झाल्या. आर्थर अँडरसन या हिशेबतपासनिसांच्या कंपनीत काही काळ काढून त्या एल्केममध्ये गेल्या. एल्केम म्हणजे सिलिकॉन आणि मिश्रधातूंचं घर, म्हणजे पुन्हा भट्ट्या आणि पुन्हा वीज. २००५ मध्ये त्या हायड्रोत आल्या त्या मात्र भट्टीवर नव्हे, तर नेतृत्व आणि कार्यसंस्कृती या खात्याच्या प्रमुख म्हणून. मोठ्या कंपन्यांत बायकांना वरची जागा मिळते ती बहुधा अशाच खात्यात : मनुष्यबळ, जनसंपर्क, फार तर कायदा. पुष्कळ जणींची वाट तिथंच संपते, कारण कंपनीचा पैसा जिथं तयार होतो ते ठिकाण त्यांच्या हाती कधी येत नाही.

ओसहाइम यांच्या बाबतीत ते आलं. स्टॅटऑइल आणि हायड्रोचा तेलविभाग एकत्र आणण्याच्या किचकट कामात पुढं राहून त्या २००८ मध्ये हायड्रोत परतल्या आणि प्राथमिक धातूचा विभाग त्यांच्याकडे सोपवला गेला. अॅल्युमिना म्हणजे बॉक्साइट या खनिजापासून मिळणारी पांढरी भुकटी, तिच्यापासून प्रत्यक्ष धातू गाळणारे सगळे कारखाने या विभागाखाली येतात. तिथं त्या ११ वर्षं होत्या. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं खरं वळण हेच. २०१९ हे त्याचं फळ.

या विभागाचं महत्त्व भट्टीच्या स्वभावात आहे. सुमारे ९६० अंश सेल्सिअसच्या तप्त रसात अॅल्युमिना विरघळवून त्यातून वीज सोडायची. एक किलो धातूला साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. म्हणूनच अॅल्युमिनियमला 'घट्ट झालेली वीज' म्हणायची पद्धत आहे. वीज काही तास गेली तर भट्टीतला रस गोठतो, आणि गोठलेली भट्टी पुन्हा चालू करणं म्हणजे महिन्यांचं काम आणि अतोनात खर्च. त्यामुळं विजेचे दीर्घ मुदतीचे करार, कार्बनवरचे कर, कामगार संघटना आणि लंडनच्या धातूबाजारातला भाव हे सगळं एकाच टेबलावर येतं. त्यांच्या काळातच कार्मोयला जगातल्या सर्वांत कमी वीज खाणाऱ्या भट्ट्यांचा प्रयोग उभा राहिला.

आता दुसरा धागा. नॉर्वेचं नाव निघालं की '४० टक्के महिला संचालक' हा कायदा निघतोच, आणि ओसहाइमही त्याचंच फळ असं सहज गृहीत धरलं जातं. तो इतिहास जरा वेगळा आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये ऑन्सगर गाब्रिएल्सन या व्यापारमंत्र्यानं, तोही पुरोगामी नव्हे तर उजव्या पक्षाचा, मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांना विश्वासात न घेता वृत्तपत्राला सांगून टाकलं की संचालक मंडळांतल्या पुरुषांच्या टोळक्याचा आपल्याला कंटाळा आलाय. तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या मंडळांत बायका जेमतेम सहा टक्के. २००३ अखेर कायदा मंजूर झाला. आधी कंपन्यांना आपणहून सुधारायची संधी दिली, त्या सुधारल्या नाहीत. मग २००६ पासून सक्ती, दोन वर्षांची मुदत, आणि न पाळल्यास कंपनी विसर्जित करण्याची तरतूद. कंपनी बुडवायची धमकी असल्यावर कोण ऐकणार नाही? २००८ पर्यंत आकडा चाळिशीला टेकला. एकाच वेळी अनेक मंडळांवर बसणाऱ्या बायकांना लोकांनी 'सोन्याचे घागरे' अशा अर्थाचं टोपणनावही ठेवलं.

पण कायदा संचालक मंडळापुरता होता. रोजचा कारभार हाकणाऱ्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या खुर्चीला तो लागू नव्हता, आणि त्या खुर्च्यांवर पुढची कितीतरी वर्षं बहुतेक पुरुषच दिसत राहिले. २०१९ च्या मे महिन्यात ओसहाइम हायड्रोत आणि शरदात शेर्स्टिन ब्रोथेन डीएनबी या सर्वांत मोठ्या बँकेत, अशा दोघी आल्या तेव्हा त्याची बातमी झाली यातच सगळं आलं. (आपल्याकडे २०१३च्या कंपनी कायद्यानं ठरावीक वर्गातल्या कंपन्यांना निदान एक महिला संचालक नेमायला सांगितलं, तेव्हा कित्येक प्रवर्तकांनी घरातल्याच बाईचं नाव पुढं केलं.)

ओसहाइम यांना वारसा मिळाला तो गुलाबाचा नव्हता. ब्राझीलच्या पारा राज्यात बार्कारेना इथं अलुनोर्ते हा हायड्रोचा प्रचंड कारखाना बॉक्साइटपासून अॅल्युमिना बनवतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथं मुसळधार पाऊस झाला आणि लाल चिखलाची (अॅल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या गाळाची) तळी फुटून विष पाण्यात गेल्याचा आरोप गावकऱ्यांनी केला. तळी ओसंडली नाहीत असं कंपनी सांगत राहिली, पण प्रक्रिया न केलेलं पावसाचं पाणी परवान्याविना नदीत सोडल्याचं तिला कबूल करावं लागलं, माफीही मागावी लागली. सरकारनं उत्पादन निम्म्यावर आणलं. भारतीय वाचकाला यात जुनी ओळख वाटावी. ओडिशातल्या काशीपूरच्या उत्कल अॅल्युमिना प्रकल्पात हायड्रो भागीदार होती. डिसेंबर २००० मध्ये मैकांचला पोलिसांच्या गोळीबारात तीन आदिवासी मेले, आणि नंतर हायड्रोनं तिथून अंग काढून घेतलं. तो प्रकल्प पुढं हिंदाल्कोनं पूर्ण केला.

सायबर हल्ल्यात मात्र कंपनीचं वागणं उठून दिसलं. ३५ हजार कर्मचारी, ४० देश, आणि संगणक ठप्प. खंडणी द्यायची नाही असं ठरलं, आणि जे घडलं ते लपवायचंही नाही. वित्तप्रमुख आयविन्द कालेविक यांनी पत्रकारांसमोर बसून परिस्थिती सांगितली, आणि पुढचे दिवस माहिती येत राहिली. कारखान्यांत माणसं कागद-पेन्सिल घेऊन बसली, यंत्रं हातानं चालवली गेली, जुनी पद्धत ठाऊक असलेले निवृत्त कामगार मदतीला आले. पहिल्या सहामाहीतच ५५ ते ६५ कोटी नॉर्वेजियन क्रोनरचं नुकसान झालं. ओसहाइम यांनी ८ मे रोजी कारभार हाती घेतला तेव्हा सावरण्याचं काम चालूच होतं. त्याच महिन्यात अलुनोर्तेवरची उत्पादनबंदी उठली.

पुढच्या पाच वर्षांत निर्णय कडक झाले. पत्रे बनवणारा रोलिंग विभाग २०२१ मध्ये विकून टाकला. २०२२ मध्ये युरोपात विजेचे भाव भडकले, तेव्हा स्लोव्हाकियातल्या स्लोवाल्कोच्या भट्ट्या बंद केल्या. दुसरीकडे भंगार अॅल्युमिनियम पुन्हा वितळवण्यावर पैसा ओतला : अमेरिकेत मिशिगनला नवा कारखाना, पोलंडची अल्युमेटल कंपनी खरेदी. हिशेब साधा आहे. जुनं अॅल्युमिनियम वितळवायला नव्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. भाव चढे असल्यानं २०२१ आणि २०२२ ही वर्षं कमाईची गेली. त्याचं सगळं श्रेय एका व्यक्तीला देणं बरोबर नाही, बाजारानंही साथ दिली होती.

मे २०२४ मध्ये ओसहाइम पायउतार झाल्या. त्यांच्या जागी आले आयविन्द कालेविक. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर बसले होते तेच, आणि मधल्या काळात ओसहाइम यांचाच जुना धातूविभाग सांभाळून आलेले.