डोमेनवरून आलेली नोटीस आणि तिच्यामागची भांडणं

डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या, नावावरून येणारी वकिली नोटीस साधारण ठरलेल्या साच्याची असते. आमच्या अशिलाचा अमुक ट्रेडमार्क आहे, आपण तो गैरहेतूने वापरत आहात, इतक्या दिवसांत डोमेन आमच्या अशिलाच्या नावे करून द्यावे, अन्यथा होणाऱ्या खर्चास आपण जबाबदार राहाल. अशी नोटीस हातात पडलेल्याला जाणकार मंडळी सांगतात की किंमत बोलू नका, गप्प बसू नका, नोंदणीची तारीख शोधा आणि साइट आज जशी आहे तशी जपून ठेवा. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला कुठल्यातरी प्रत्यक्ष भांडणातून आला आहे, आणि ती भांडणं बहुतेक १९९४ ते २००४ या काळातली आहेत.

मुळात गोची अशी, की ट्रेडमार्कच्या कायद्यात एकच नाव अनेकांचं असू शकतं. एक जण त्या नावाने रंग विकतो, दुसरा पंखे, तिसरा दुसऱ्याच देशात बिस्किटं, आणि कायद्याची हरकत नसते. डॉट कॉममध्ये मात्र ते नाव जगभरात एकालाच मिळतं. पहिलं डॉट कॉम, सिम्बॉलिक्स, १९८५ च्या मार्चमध्ये नोंदलं गेलं तेव्हा हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही नव्हता. जो आधी येईल त्याला नाव, इतकाच नियम होता. इंटरनेटचं नावांचं दफ्तर सांभाळणारे जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये लिहून ठेवलेली भूमिकाही तशीच होती. हक्कावरून वाद झाला, तर नोंदणी करून देणाऱ्या संस्थेने दोन्ही बाजूंना एकमेकांचा संपर्क द्यावा, त्यापलीकडे पडू नये.

त्याच वर्षी 'वायर्ड' मासिकासाठी लिहिणारे पत्रकार जोशुआ क्विटनर यांनी मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम स्वतःच्या नावावर घेतलं आणि आता याचं काय करू, असं वाचकांनाच जाहीर विचारलं. कंपनीने एका शाळेला संगणकासाठी ३५०० डॉलर दिले आणि नाव परत मिळवलं. गंमत म्हणून हे ठीक होतं, पण कंपन्यांच्या कायदा विभागांना त्यात धोका दिसला आणि नोटिशींचा काळ सुरू झाला.

डॉट कॉमची नोंदणी तेव्हा नेटवर्क सोल्यूशन्स या एकाच कंपनीकडे होती. खटल्यात आपणही ओढले जाऊ या भीतीने तिने जुलै १९९५ मध्ये वादांसाठी धोरण आणलं. कुणी नेमक्या त्याच नावाच्या ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र दाखवलं, की डोमेनधारकाने आपलाही ट्रेडमार्क दाखवायचा. नाही दाखवला, तर नाव गोठवलं जायचं. गैरहेतू होता का, ग्राहकाची दिशाभूल झाली का, याची चौकशीच नव्हती. मग लोकांनी पळवाट शोधली. ट्युनिशियात ट्रेडमार्कची नोंदणी झटपट होत असे, तिथून प्रमाणपत्र आणायचं. रोडरनर डॉट कॉम चालवणाऱ्या एका छोट्या इंटरनेट कंपनीवर कार्टूनवाल्या वॉर्नर ब्रदर्सने हरकत घेतली, तेव्हा तिने हेच केलं. तरीही नाव जाणार असं दिसल्यावर १९९६ मध्ये तिने थेट नेटवर्क सोल्यूशन्सवरच दावा ठोकला. पुढे धोरण बदललं आणि डोमेनधारकाचा ट्रेडमार्क तक्रारीच्या आधीचा हवा अशी अट आली. कोणती गोष्ट नोटिशीच्या आधीची आणि कोणती नंतरची, हा हिशेब तेव्हापासून या वादांना चिकटला आहे.

किंमत न बोलण्याच्या सल्ल्यामागे डेनिस टोपेन या अमेरिकनाचं प्रकरण आहे. चित्रपटांचे कॅमेरे बनवणाऱ्या पॅनाव्हिजनचं नाव त्यांनी आधी नोंदवलं आणि साइटवर इलिनॉय राज्यातल्या पाना नावाच्या गावाची हवाई छायाचित्रं लावली. कंपनीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी १३,००० डॉलर मागितले. अशी इतरही बरीच नावं त्यांनी अडकवून ठेवली होती. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की ट्रेडमार्कच्या मालकालाच नाव विकायला काढणं हाच या ट्रेडमार्कचा व्यापारी वापर ठरतो. पानाची छायाचित्रं कामी आली नाहीत. त्याच वर्षी ब्रिटनच्या अपील न्यायालयाने मार्क्स अँड स्पेन्सरसारखी नावं घेऊन बसलेल्या वन इन अ मिलियन या कंपनीला दणका दिला, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याहूइंडिया डॉट कॉमचा वापर थांबवला.

न्यायालयं अशी एका दिशेला झुकत असताना इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ही नवी संस्था स्थापन झाली. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या शिफारशींवरून तिने १९९९ मध्ये वाद सोडवण्याचं एकसारखं धोरण मंजूर केलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला यूडीआरपी म्हणतात, आणि आजची प्रत्येक नोटीस त्याच्याच भाषेत बोलते. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नाव आपल्या ट्रेडमार्कसारखंच किंवा फसगत व्हावी इतकं जवळचं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नाव गैरहेतूने नोंदवलं शिवाय गैरहेतूनेच वापरलंही जात आहे. शेवटच्या अटीतला 'शिवाय' महत्त्वाचा आहे. नाव जर ट्रेडमार्क जन्माला येण्याआधी घेतलेलं असेल, तर नोंदवताना त्या ट्रेडमार्कबद्दल गैरहेतू कुठून येणार? नोंदणीची तारीख शोधायला सांगतात ती यासाठी. साइटची नक्कल जपायची ती या तिन्हींतल्या दुसऱ्या अटीसाठी. वादाची सूचना मिळण्याआधीपासून त्या नावाने प्रामाणिक काम चालू असेल, तर तो रास्त हक्क मानला जातो. नोटीस हीच ती सूचना. ती आल्यावर घाईने उभं केलेलं दुकान फारसं कामाला येत नाही.

या धोरणाखालचा पहिलाच निकाल जानेवारी २००० मध्ये लागला, तो वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या नावाचा. नोंदवणाऱ्याने तीनच दिवसांत ते १००० डॉलरला देऊ केलं होतं आणि तेवढ्यावर प्रकरण संपलं. त्यानंतरच्या, टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन दूरसंचार कंपनीच्या प्रकरणात पंचांनी, म्हणजे या धोरणाखाली निकाल देणाऱ्यांनी, आणखी एक पाऊल टाकलं. काहीही न करता नाव नुसतं धरून बसणं हासुद्धा परिस्थितीनुसार गैरवापर ठरू शकतो. 'मी तर साइट सुरूच केली नाही' हा बचाव तेव्हापासून लंगडा आहे.

इथवर वाचून सगळा खेळ कंपन्यांच्याच बाजूचा वाटेल, पण उलटी उदाहरणंही कमी नाहीत. १९९९ च्या अखेरीला ईटॉईज या खेळण्यांच्या ऑनलाइन दुकानाने इटॉय या युरोपातल्या कलावंतांच्या गटाविरुद्ध लॉस एंजलिसच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. एका अक्षराचा फरक, आणि तोही असा की कलावंतांचं डोमेन १९९५ पासूनचं, दुकान १९९७ चं. नेटवर जगभरातून जो गदारोळ उठला, त्यानंतर जानेवारी २००० मध्ये कंपनीने दावा मागे घेतला. उझी निसान या व्यावसायिकाचं तर आडनावच निसान. १९८० मध्ये त्यांनी गॅरेज काढलं, तेव्हा निसान मोटर अमेरिकेत गाड्या डॅटसन नावाने विकत होती. निसान डॉट कॉम त्यांनी १९९४ मध्ये आपल्या संगणक व्यवसायासाठी घेतलं. कंपनीने १९९९ मध्ये एक कोटी डॉलरचा दावा लावला. डोमेन शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं, पण वर्षानुवर्षं खटला लढण्यात त्यांचे लाखो डॉलर गेले. याला विजय म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मला यातलं सगळ्यात बोलकं प्रकरण वाटतं ते टेक्सासमधल्या एका वेब डिझायनरचं. घराजवळ उभ्या राहणाऱ्या मॉलचं कौतुक म्हणून त्याने मॉलच्या नावाची साइट बनवली. ही अधिकृत साइट नव्हे असंही तिच्यावर लिहिलं. मॉलवाल्या टॉबमन कंपनीची तक्रार आली. मैत्रिणीच्या शर्टांच्या धंद्याचा दुवा साइटवर होता, तो त्याने काढला. तरीही दावा झाला. मग त्याने 'टॉबमन भिकार आहे' अशा अर्थाची डोमेनं घेतली आणि वकिलांशी झालेला सगळा पत्रव्यवहार तिथे टाकला. सुरुवातीला तो वकिलाशिवाय लढला आणि मनाई हुकूम त्याच्याविरुद्ध गेला. २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. टीका करणारं डोमेन हे बोलण्याच्या स्वातंत्र्यात येतं, आणि दुकान म्हणून न वापरलेल्या नावाला ट्रेडमार्कच्या कायद्याने रोखता येत नाही, असा तो निकाल आहे. धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्यावर टीका करणाऱ्या साइटच्या मालकाने आणखी वेगळी वाट धरली. नोटिशी येत राहिल्यावर, आपण काहीही बेकायदेशीर करत नाही असं जाहीर करून मागायला तो स्वतःच न्यायालयात गेला. २००५ मध्ये अपिलात तो जिंकला.

पण सापळे तिथेच राहिले. २००३ मध्ये कॅनडातल्या एका शाळकरी मुलाने स्वतःच्या नाव-आडनावापुढे 'सॉफ्ट' लावून डोमेन घेतलं. मोठ्याने म्हटलं की ते मायक्रोसॉफ्टसारखं ऐकू यायचं. कंपनीच्या वकिलांनी नोंदणीचा खर्च म्हणून १० डॉलर देऊ केले. त्याने चिडून १०,००० मागितले. पुढच्या जाडजूड पत्रात तीच मागणी त्याच्या गैरहेतूचा पुरावा म्हणून मांडलेली होती. बातमी जगभर झाल्यावर तडजोड झाली, पण 'तुम्हाला किती हवेत?' हा साधा वाटणारा प्रश्न तेव्हापासून अनेक नोटिशींत जपून वाचला जातो.

यूडीआरपीत नुकसानभरपाई नाही, फक्त नाव काढून घेता येतं. अमेरिकेच्या १९९९ च्या कायद्यात मात्र एका डोमेनमागे १००० ते एक लाख डॉलरपर्यंत भुर्दंड आहे, आणि पत्रात आकडा येतो तो बहुधा हाच. दुसऱ्या देशात राहणाऱ्यावर तो कितपत लागू पडेल, हे त्या पत्रात लिहिलेलं नसतं. तक्रारदारच बळजबरी करत असेल, तर पंच तसा शेरा निकालात मारू शकतात, पण त्याला दंडाची जोड नाही. माझ्या मते धोरणातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. धमकी देऊन पाहायला काहीच पडत नाही.

मे २०१८ पासून युरोपच्या खासगी माहितीच्या कायद्यामुळे डोमेनधारकांची नावं-पत्ते सार्वजनिक यादीतून बहुतांशी दिसेनासे झाले. त्यामुळे नोटीस कुणाला पाठवायची हेच अनेकदा तक्रारदाराला ठाऊक नसतं. तो सरळ तक्रार दाखल करतो आणि धारकाचं नाव त्याला रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, नंतर कळतं. धारकाच्या हातात पडणारा पहिला कागद मग नोटीस नसून तक्रारच असते. प्रकरण सुरू झाल्यापासून उत्तराला २० दिवस मिळतात आणि मागितल्यास आणखी चार. निकाल विरुद्ध गेला, तर न्यायालयात जाऊन नाव थांबवून धरायला कामकाजाचे दहा दिवस. तोवर डोमेन रजिस्ट्रारकडे कुलूपबंद असतं. साइट चालू राहते, नाव मात्र कुणाला देता येत नाही.