जपानमधील वाहतुकीचे नियम व परदेशी वाहनचालक

जपानमध्ये अल्पकाळासाठी आलेल्या परदेशी व्यक्तींना वाहन चालवताना लागू होणारे नियम व संकेत. जपानमध्ये १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवानाच ग्राह्य धरतात. १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला चालत नाही. भारत जिनिव्हा करारात सामील असल्याने महाराष्ट्रातील आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना तेथे चालतो. त्याची मुदत एक वर्ष असते. मूळ परवाना व पासपोर्टही जवळ ठेवावा.

वाहतूक डाव्या बाजूने चालते. या प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सामुराई (जुने जपानी योद्धे) कमरेच्या डाव्या बाजूस तलवार लावत; समोरासमोर येणाऱ्यांची म्याने एकमेकांवर आपटू नयेत म्हणून डावीकडून चालण्याची रीत पडली, ही उपपत्ती लोकप्रिय आहे. मात्र एदो काळातील (१६०३–१८६८) पायी वाट आणि आधुनिक वाहतुकीचा नियम यांच्यातला दुवा तीत नीट जुळत नाही. शिंबाशी–योकोहामा लोहमार्ग (१८७२) ब्रिटिश अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली बांधला गेला आणि त्यावरील गाड्या डावीकडून धावत. काही अभ्यासक या प्रभावावर भर देतात, व ते अधिक सयुक्तिक वाटते. रस्त्यांसाठी डाव्या बाजूचा नियम साधारणतः विसाव्या शतकाच्या आरंभी टोकियोच्या पोलिसी आदेशांतून रूढ झाला. दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवर मात्र अमेरिकी अंमलात वाहने उजवीकडून चालत. १९७२ मध्ये बेटे जपानकडे परत आली, तरी बदल ३० जुलै १९७८ रोजी झाला. संपूर्ण देशात एकच बाजू असावी, ही अट त्याच जिनिव्हा करारात आहे. आदल्या रात्री दहापासून सामान्य वाहने बंद ठेवून सकाळी सहाला सर्वांनी बाजू बदलली.

बाजू तीच असल्याने भारतीय चालक निर्धास्त होतो. चुका नेमक्या तिथेच होतात. लाल दिवा असताना डावीकडे वळता येत नाही. हिरवा बाण असेल तरच वळावे. रेल्वे फाटक उघडे असले तरी त्यापुढे गाडी पूर्ण थांबवावी लागते. वेग कमी करणे पुरेसे नाही. ‘थांबा’ची पाटी उलट्या लाल त्रिकोणाची असते. वेगमर्यादेची पाटी नसलेल्या साध्या रस्त्यावर कमाल वेग ताशी ६० किमी., तर द्रुतगती मार्गावर सर्वसाधारणपणे १०० किमी. आहे. मद्यपान करून वाहन चालवल्यास चालकाबरोबर त्याला मद्य किंवा वाहन देणारा आणि जाणूनबुजून त्या गाडीत बसणारा प्रवासीही शिक्षेस पात्र ठरतो.

उत्तरेकडील होक्काइदो बेटावर रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर खाली रोखलेले बाण दिसतात. बर्फाखाली दडलेली रस्त्याची कड त्यांवरून कळते.